अनुवादाच्या छोट्या कंपनीने सॉफ्टवेअर घेताना आधी काय पाहावं?



आजचा विषय आपल्या नेहमीच्या पाठांपेक्षा वेगळा आहे. मराठीच्या बाईंनी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर लिहावं, हे वाचून काहींना हसू येईल. पण शेवटपर्यंत वाचा. यात शब्दयोगी अव्ययही आहे आणि लिंगविचारही आहे.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. दहावीला माझ्याच वर्गात होती. पुढे भाषा घेऊन एम.ए. केलं, काही वर्षं घरून अनुवाद केले आणि आता पुण्यात तिची स्वतःची छोटी कंपनी आहे. ऑफिसात ती धरून चार माणसं, आणि बाहेरून काम करणारे वीस-बावीस अनुवादक. बँकांची माहितीपत्रकं, औषधांच्या चाचण्यांची संमतिपत्रं, मोबाईल ॲपमधला मजकूर, कोर्टाचे कागद असं काय काय येतं. इंग्रजीतून मराठी, हिंदी, गुजराती, कधी कोकणी.

चहा घेताना म्हणाली, "बाई, धंदा सांभाळायला सॉफ्टवेअर घ्यायचंय. चार डेमो पाहिले. चारही छान वाटले. आता काहीच सुचत नाही."

मी म्हटलं, "आत्ता कशात सांभाळतेस?" तर एक्सेलमध्ये. मग अडचण काय? तेव्हा तिने जे सांगितलं ते ऐकून मला हा लेख लिहावासा वाटला.

तिच्याकडे एक निवृत्त शिक्षिका अनुवाद करतात. वय पासष्टच्या पुढे, मराठी अतिशय स्वच्छ. त्यांचे चौदा हजार रुपये चार महिने द्यायचे राहिले. कुणी बुडवले नव्हते. काम व्हॉट्सॲपवर सांगितलं, फाइल ईमेलने गेली, दर फोनवर ठरला आणि नोंद एक्सेलमध्ये झाली. पुढे ऑफिसातल्या कुणीतरी नावं अकारविल्हे लावताना फक्त नावांचाच रकाना निवडून सॉर्ट केला. झालं! नावं हलली, रकमा जागच्या जागी राहिल्या. बाईंच्या नावापुढे दुसऱ्याच कामाचा "पैसे दिले" असा शेरा आला. त्यांनी मागितले नाहीत, कारण संकोच. पुढचं काम मात्र "जमणार नाही" म्हणून परत केलं. विद्यार्थिनीने खोदून विचारलं तेव्हा कळलं. "बाई, मला त्या रात्री झोप नाही आली," ती म्हणाली.

माझं मत इथूनच सुरू होतं. अनुवादाच्या छोट्या कंपनीने सॉफ्टवेअर निवडताना त्या बाईंच्या ओळीपासून सुरुवात करावी. डेमो दाखवणारा माणूस मालकाच्या पडद्यापासून सुरू करतो. रंगीत आलेख, या महिन्याची उलाढाल, कोणतं गिऱ्हाईक किती मोठं. ते बघायला छानच असतं. पण आपण त्याला म्हणावं, "ते राहू दे. एका अनुवादकाला एक काम दिलं, ते आलं, दुसऱ्याने तपासलं, गिऱ्हाइकाला गेलं, बिल झालं, अनुवादकाचे पैसे गेले. एवढा प्रवास मला एका ओळीत दाखव. आणि पैसे गेले नसतील तर ते मला कुठे दिसेल ते दाखव." हे त्याला दोन मिनिटांत दाखवता आलं नाही, तर बाकीचं कितीही छान असो, ते आपल्या उपयोगाचं नाही.

आता थोडी माहिती, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. अनुवादाच्या कामात तीन वेगळ्या जातीची सॉफ्टवेअर असतात. पहिली अनुवाद करताना मदत करणारी. त्यांत ट्रॅडॉस, मेमोक्यू ही विकतची आणि ओमेगाटी हे फुकट मिळणारं. आधी केलेली वाक्यं ही सॉफ्टवेअर लक्षात ठेवतात आणि तसंच वाक्य पुन्हा आलं की समोर ठेवतात. या साठ्याला ट्रान्सलेशन मेमरी म्हणतात. दुसरी हिशेबाची. टॅली आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, झोहो बुक्स हे दुसरं. तिसरी जात म्हणजे खास अनुवाद कंपन्यांचा कारभार सांभाळणारी. कुणाला काम दिलं, कोणत्या दराने, कधीपर्यंत, गिऱ्हाइकाला काय कबूल केलं, असं सगळं. जर्मनीचं प्लुनेट, पोलंडचं एक्सटीआरएफ, युक्रेनमध्ये तयार झालेलं प्रोजेटेक्स ही त्यातली जुनी नावं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्टही आहे. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि कोणत्याही धंद्याला जुळवून घेता येतं, पण जुळवून देणारा जाणकार माणूस हाताशी लागतो.

माझ्या विद्यार्थिनीचे सीए तिला म्हणाले, "टॅली आहे ना, बास." एक मित्र म्हणाला, "ट्रॅडॉस घेतलंस की सगळं होतं." दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघांचाही तिला उपयोग नाही. टॅलीला बिल कळतं, पण संमतिपत्राचा गुजराती अनुवाद बुधवारी तपासणीला द्यायचाय हे टॅली आपणहून सांगणार नाही. आणि ट्रॅडॉस कामाच्या फाइली आणि मुदती सांभाळेल, पण कंपनीचा जीएसटीचा हिशेब काही ठेवणार नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. अनुवादाचे पैसे बहुतेक वेळा शब्दावर ठरतात. शब्द कुणाचे मोजायचे? मूळ मजकुराचे की अनुवादाचे? ऐकायला किरकोळ वाटतं. हे वाक्य बघा. इंग्रजीत, "स्टुडंट्स मस्ट स्टँड इन फ्रंट ऑफ द स्कूल गेट अंटिल द बेल रिंग्ज." मोजा, तेरा शब्द. हिंदीत, "घंटी बजने तक विद्यार्थियों को विद्यालय के फाटक के सामने खड़ा रहना है." तेही तेरा. मराठीत, "घंटा होईपर्यंत विद्यार्थ्यांनी शाळेच्या फाटकासमोर उभे राहावे." सात!

का? आपण सातवी-आठवीपासून शिकवतो तेच. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय मागच्या शब्दाला जोडून लिहायचे. हिंदीत "के सामने" सुटं, आपल्याकडे "समोर" चिकटलेलं. मी हे वाक्य मुद्दाम निवडलंय, प्रत्येक वाक्यात एवढा फरक पडत नाही. पण मराठी मजकुराची शब्दसंख्या इंग्रजीपेक्षा कमी भरते, हे कुणीही एखादी शासकीय सूचना दोन्ही भाषांत मोजून बघू शकतं.

आता पैशात बघा. शब्दाला दीड रुपया धरला आणि अनुवादाचे शब्द मोजले, तर या एका वाक्याचे हिंदी अनुवादकाला साडेएकोणीस रुपये आणि मराठी अनुवादकाला साडेदहा. कष्ट तेवढेच, विचार तेवढाच. मराठीवाला आपल्या व्याकरणामुळे नऊ रुपयांनी मागे! म्हणून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाला "मूळ मजकुराच्या शब्दांवर" की "अनुवादाच्या शब्दांवर" हे वेगळं ठरवता आलं पाहिजे, आणि प्रत्येक भाषेला दर वेगळा ठेवता आला पाहिजे. पानावर, तासावर, ठोक रकमेवरही काम नोंदवता आलं पाहिजे, कारण हाताने लिहिलेला जुना सातबारा शब्दांत कोण मोजणार? इंग्रजी आणि युरोपातल्या भाषा डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असतेही, पण आधीपासून काय लावून ठेवलंय ते बघावं लागतं. विकणाऱ्याला या प्रश्नाचं महत्त्व कळेलच असं नाही. ते मराठी येणाऱ्यालाच विचारावं लागतं.

याच्याच पुढची गोष्ट पुनरावृत्तीची. ट्रान्सलेशन मेमरीत आधीचं वाक्य शंभर टक्के जुळलं, तर त्याचे पैसे कमी किंवा शून्य, पंचाहत्तर टक्क्यांच्या वर जुळलं तर थोडे कमी, असे कोष्टक या धंद्यात रूढ आहे. कारभाराची सॉफ्टवेअर हे कोष्टक आपोआप लावतात. गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं तर ते रास्त आहे, एकाच वाक्याचे दहा वेळा पैसे कुणी का द्यावेत? पण मराठीत एक पेच आहे. ॲपमध्ये इंग्रजीत नुसतं "सेंट" असं लिहिलेलं असतं. ते अर्जाबद्दल असेल तर "पाठवला", यादीबद्दल असेल तर "पाठवली", पत्राबद्दल असेल तर "पाठवले". इंग्रजी शब्द शंभर टक्के तोच, मराठी तीन. मेमरी पहिल्यांदा दिलेलं "पाठवला" तिन्ही ठिकाणी समोर ठेवते, आणि अनुवादकाने प्रत्येक जागा उघडून, ॲपचा तो पडदा डोळ्यांपुढे आणून ते दुरुस्त करायचं. शून्य पैशांत! मग कुणी दुरुस्त करत नाही, आणि आपण मोबाईलवर "यादी पाठवला" वाचतो आणि मराठीच्या नावाने गळा काढतो. त्या चुकीमागे अज्ञान दर वेळी असतंच असं नाही, पुष्कळदा असं कोष्टक असतं.

म्हणून मी तिला म्हटलं, सवलतीचं कोष्टक भाषेप्रमाणे बदलता येत नसेल तर ते सॉफ्टवेअर घेऊ नकोस. शंभर टक्के जुळलेल्या शब्दालाही तपासणीचा थोडा तरी दर ठेव. हे माझं ठाम मत आहे. गिऱ्हाईक कुरकुरेल, त्याला वरचं "पाठवला-पाठवली" दाखवायचं. कुठलाही शहाणा माणूस समजेल.

पैशांच्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगते, त्या सीए जास्त चांगल्या सांगतील. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि जीएसटीच्या बिलाला त्या वर्षात ओळीने क्रमांक लागतात, हे परदेशी सॉफ्टवेअरला जमतं का बघावं. अनुवादाच्या सेवेचा कोड ९९८३९५ आहे, कर १८ टक्के, आणि महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की नोंदणी घ्यावी लागते. टीडीएसचा घोळ आणखी वेगळा. बिल वीस हजारांचं, गिऱ्हाइकाने दोन हजार टीडीएस कापून अठरा हजार पाठवले. हे नोंदवायची सोय नसेल तर ते दोन हजार कायम येणं बाकी म्हणून दिसत राहतात. अशा खोट्या थकबाकीत खरी थकबाकी हरवते. एक लाख हा आकडा १,००,००० असा छापला जातो की १००,००० असा, हेही बघून ठेवावं. माझ्यासारखीला दुसऱ्या पद्धतीत दर वेळी शून्यं मोजावी लागतात.

एक कायदा मात्र सगळ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांच्या कायद्यानुसार, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या कंपनीने नोंदणी केली तर तिला मोठ्या गिऱ्हाइकाकडे बोट दाखवता येतं. आणि एखाद्या अनुवादकाने नोंदणी केली तर त्यालाही तिच्याकडे बोट दाखवता येतं! मी हे म्हटल्यावर ती जरा गप्प झाली. म्हणून कामाच्या नोंदीत दोन तारखा हव्यात, गिऱ्हाइकाकडून पैसे कधी येणार आणि अनुवादकाला कधी देणार. "गिऱ्हाइकाने दिले की देऊ" ही या धंद्यातली जुनी खोड आहे. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तारखा एकमेकींना बांधलेल्या असतील तर ती खोड पक्की होते.

आता लिपीची परीक्षा. ही मी तिला वर्गात घेते तशीच घ्यायला सांगितली. चाचणीसाठी मिळणाऱ्या फुकट मुदतीत गिऱ्हाइकाचं नाव आणि कामाचा तपशील मराठीत टाकायचा. त्यात "शिक्षक", "ज्ञानप्रबोधन", "दुसऱ्या", "दऱ्या" आणि "दर्या" हे शब्द घालायचे. मग बिलाची पीडीएफ काढायची. पडद्यावर सगळं नीट दिसतं, पण पीडीएफमध्ये पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अक्षरं दिसतात, "दऱ्या"चा "दर्या" होतो. डोंगरातली दरी समुद्रात गेली! ज्या कंपनीची विद्या भाषा हीच, तिच्या बिलावर असं मराठी गेलं तर गिऱ्हाइकाने काय समजायचं? आणि शोधा बटणाजवळ "दुसऱ्या" टाइप करून ते काम सापडतं का तेही बघायचं. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फाँटमधल्या फाइली अजून येतात. त्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय त्यांतलं काही शोधता येत नाही, हा दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारू नये.

शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, आणि ती घ्यायला माणसं विसरतात. आत टाकलेलं बाहेर काढून बघायचं. दहा जुनी कामं भरायची आणि मग सगळी माहिती सीएसव्ही किंवा एक्सेलच्या फाइलमध्ये उतरवून घ्यायची. अनुवादक, दर, तारखा, दिलेले पैसे, सगळं आलं का? मराठी अक्षरांऐवजी एक्सेलमध्ये कचरा दिसला तर घाबरू नका, फाइल उघडताना यूटीएफ-८ निवडलं की बहुधा सुटतं. पण रकानेच आले नाहीत, किंवा "त्यासाठी आम्हाला लिहा" असं उत्तर आलं, तर तिथून उठावं. ट्रान्सलेशन मेमरीचंही तेच, ती टीएमएक्स या सर्वांना चालणाऱ्या स्वरूपात बाहेर काढता आली पाहिजे. महिन्याच्या भाड्याची ही सॉफ्टवेअर असतात, डॉलर किंवा युरोत, माणशी. भाडं परवडेनासं झालं त्या दिवशी आपली पाच वर्षांची कामं परक्याच्या कपाटात आणि किल्ली त्याच्याकडे, असं व्हायला नको. संमतिपत्रं, जन्मदाखले अशा खासगी कागदांच्या फाइली तर मी त्यात ठेवूच नयेत म्हणते, नुसती नोंद ठेवावी.

मग घ्यायचं की नाही? इथे माझी बहीण म्हणाली, "तू तर तिला घाबरवूनच सोडलंस." तसं नाही. एक्सेलनेच त्या बाईंचे पैसे अडकवले, हे मी विसरलेले नाही. वही, एक्सेल यांचं कौतुक करणारे आपण शिक्षक पुष्कळ आहोत (माझं हजेरीपत्रक अजून हातानेच आधी भरलं जातं). पण एकच तक्ता दोन-तीन माणसं रोज बदलायला लागली की तो कधीतरी फसणारच. तेव्हा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. एकट्याने काम करणाऱ्याला लागत नाही. मधल्या लोकांनी आधी दोन महिने आपली प्रत्येक नोंद एका साध्या वहीत, काम आलं त्या क्रमाने लिहावी असं मला वाटतं. त्या वहीतले रकाने म्हणजेच तुमची गरज. डेमोला जाताना ती वही बरोबर न्यावी.

तिने तसंच केलं. जानेवारी अखेरपर्यंत वही लिहिली. त्यात आम्हा दोघींना न सुचलेला एक रकाना आपोआप तयार झाला, "तपासणाऱ्याने किती बदल केले". तिला तो सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण कुणाला कोणतं काम द्यायचं ते त्यावरून कळतं. चारांपैकी दोन सॉफ्टवेअर पीडीएफच्या परीक्षेत नापास झाली. एकाला सवलतीचं कोष्टक भाषेप्रमाणे बदलता येईना. चौथं तिने घेतलं, तीन माणसांसाठी. बिलं मात्र तिथे करत नाही, ती हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येच होतात, दर शुक्रवारी दोन्हींचा ताळा घेते. नाव मुद्दाम सांगत नाही, तिच्या कामाला बसलं ते दुसऱ्याला बसेलच असं नाही.

निवृत्त बाईंना तिने पहिल्याच आठवड्यात त्यांचं खातं उघडून दिलं. त्यात त्यांना स्वतःची कामं आणि येणारे पैसे दिसतात. त्यांना ते मोबाईलवर उघडता येत नव्हतं, नातवाने शिकवलं. परत काम घेऊ लागल्यात.

आणि मी नववीच्या वर्गात ते तेरा-सात शब्दांचं वाक्य फळ्यावर लिहिलं. शब्दयोगी अव्ययाचा पाठ होता. मुलांनी घरून औषधाच्या खोक्यातले, कुकरच्या पुस्तिकेतले, बँकेच्या पत्रकातले मजकूर आणले आणि इंग्रजी-हिंदी-मराठी शब्द मोजले. एकाने विचारलं, "बाई, मग मराठीवाल्याने दर वाढवून नाही का मागायचा?" त्यावर उरलेला तास गेला. पाठ दुसऱ्या दिवशी पूर्ण केला.